कोऱ्या जीन्सचे सोवळे

जीन्स धुवावी. धुवावी म्हणजे धुवावीच. एवढे साधे वाक्य लिहिण्यासाठी कधी लेखणी उचलावी लागेल, असे मला वाटले नव्हते. तहान लागली की पाणी प्यावे, रात्री झोपावे, वाचायला नेलेले पुस्तक परत करावे (हे तिसरे जरा वादग्रस्त आहे), तसेच मळलेले कपडे धुवावेत, हे मी आजवर गृहीत धरून चाललो होतो. पण हल्ली एक नवा पंथ निघाला आहे. या पंथाचे लोक सहा सहा महिने जीन्स धूत नाहीत. कडवे अनुयायी तर वर्षभर धूत नाहीत. बरे, आळशी माणूस धूत नाही आणि गप्प बसतो. हे धूत नाहीत आणि वर व्याख्यान देतात!

या पंथाचा आमच्या घरातला प्रतिनिधी म्हणजे माझा भाचा. नोकरीसाठी आमच्याकडे डोंबिवलीला राहतो. पगार उत्तम, स्वभाव उत्तम, आंघोळ दोन वेळा. म्हणजे गडी मुळात स्वच्छ. पण कमरेखाली तत्त्वज्ञान आडवे येते. मध्यंतरी त्याने एक जपानी जीन्स मागवली. तिची किंमत माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षाच्या एकूण पगारापेक्षा जास्त होती. खोके उघडल्यावर घरभर एक निळसर, खळीचा वास पसरला. मी कापडाला हात लावला. पत्र्याला लावल्यासारखे वाटले.

"ही रॉ डेनिम आहे, मामा," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे कच्ची. हिला अजून पाणी लागलेलं नाही."

"मग लावू की. मोरीत बादली आहे."

त्यावर त्याने माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी गणपतीला आमलेटाचा नैवेद्य दाखवा म्हटले होते.

रॉ डेनिम म्हणजे आपल्या भाषेत कोरे कापड. मागावरून उतरले, खळीसकट बेतले, शिवले आणि विकले. बाजारात मिळणाऱ्या इतर जीन्स कारखान्यातच धुऊन, दगडांबरोबर घोळसून, आधीच म्हाताऱ्या करून आणलेल्या असतात. ही मात्र कुमारिका. जपानच्या ओकायामा प्रांतात कोजिमा म्हणून एक ठिकाण आहे, त्या भागात अजून जुन्या धोट्याच्या मागांवर असले कापड विणतात. जाडी विचाराल तर एका चौरस वाराला १४ औंस, म्हणजे सुमारे ४०० ग्रॅम. ही जीन्स खुंटीला टांगावी लागत नाही. कोपऱ्यात ठेवली की आपली आपण उभी राहते. पहिल्या आठवड्यात सौ. पहाटे दूध घ्यायला उठली आणि अंधारात तिला "कोण आहे?" असे विचारून बसली.

आता त्यांची बाजू आधी सांगतो, कारण ती अगदीच पोकळ नाही. नीळ हा रंग मोठा आडमुठा. पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे रसायन घालून तिला आधी विरघळणाऱ्या रूपात आणावी लागते. त्या हौदात सूत बुडवले की हिरवट-पिवळे दिसते आणि बाहेर काढून हवा लागली की डोळ्यांदेखत निळे होते. असे पुन्हा पुन्हा बुडवायचे, पुन्हा पुन्हा हवेवर धरायचे. एवढे करूनही नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत जात नाही, वरवरच बसते. आत धागा पांढराच राहतो. म्हणून जिथे घासेल तिथे जीन्स पांढरी पडते. गुडघ्यामागे, मांडीवर, खिशात पाकीट ठेवता तिथे. खळीने कडक झालेल्या कापडावर तुमच्या बसण्या-उठण्याच्या चुण्या पक्क्या होतात आणि त्या चुण्यांवरच रंग उडून नक्षी उठते. पहिल्याच दिवशी धुतली तर खळ जाते, चुण्या सैल पडतात, रंग सगळीकडून सारखा उतरतो आणि नक्षी पुसट येते. हे सगळे खरे आहे. मी खोटे म्हणत नाही. सुरुवातीचे काही आठवडे धीर धरा म्हणाल तर धरतो. पण "काही आठवडे" या दोन शब्दांतून "सहा महिने" कोणी, कधी आणि कोणाच्या नाकाला विचारून काढले?

आणि या चुण्यांची मिजास तरी किती! अमेरिकेत जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याने लेव्ही स्ट्रॉस या कापडाच्या व्यापाऱ्याला हाताशी धरून, १८७३ साली विजारीच्या खिशांना तांब्याच्या रिबिटी मारण्याचे पेटंट घेतले. कशासाठी? तर मजुरांचे खिसे काम करताना फाटत होते म्हणून. त्यांच्या विजारींवरची नक्षी कुदळ-फावडे मारून उठलेली. आमच्या भाच्याची नक्षी फिरत्या खुर्चीवर बसून उठलेली आहे. गुडघ्यामागच्या चुण्या त्याने सायकल चालवून कमावल्या म्हणावे, तर सायकल गॅलरीत तुळशीशेजारी गंजते आहे.

माझा खरा आक्षेप मात्र वेगळाच आहे. हे सगळे मी लहानपणी एकदा पाहिलेले आहे. आमच्या आजीचे सोवळे असेच होते. "शिवू नकोस", "लांब हो", "काठीने घे". भाचाही हेच म्हणतो. जीन्सवर कोणाचा ओला हात लागता कामा नये, ती इतर कपड्यांत मिसळता कामा नये, आणि सौ.ने धुण्याला हात घातला की तो आतल्या खोलीतून ओरडतो, "मामी, ती नको!" सोवळ्याचा जाच मी पुरेसा भोगला आहे, त्याची वकिली मला करायची नाही. पण आजीच्या शास्त्रात निदान काही कलमे होती. न धुता पवित्र राहण्याची सवलत रेशमाला आणि लोकरीला. म्हणून तिचा कद आणि धाबळी. सुताला ही सवलत नाही! सुती वस्त्र सोवळ्यात यायचे तर रोज धुऊन, उंच दांडीवर, कोणी शिवणार नाही असे वाळत घातलेच पाहिजे. आणि जीन्स कशाची? सुताची. म्हणजे खुद्द सोवळ्याच्या शास्त्रातही हा मुलगा हरतो. हे मी त्याला सांगितले, तर तो म्हणाला, "मामा, सायन्समध्ये बोला."

ठीक आहे, सायन्समध्ये बोलू.

या पंथाची पोथी म्हणजे कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातला एक प्रयोग. तिथल्या एका विद्यार्थ्याने एक कोरी जीन्स न धुता पंधरा महिने वापरली. रेचेल मॅक्वीन नावाच्या कापडशास्त्राच्या प्राध्यापिकेने तिच्यावरचे जंतू मोजले. मग जीन्स धुतली, पुन्हा तेरा दिवस वापरली आणि पुन्हा जंतू मोजले. आकडे जवळजवळ सारखेच! २०११ साली ही बातमी जगभर झाली आणि न धुणाऱ्यांना वेद सापडला. "पाहा, धुवून काही फरक पडत नाही!"

अहो, पण नीट वाचा की. या प्रयोगाने एवढेच सांगितले, की धुतलेली जीन्स तेराव्या दिवशी पुन्हा पहिल्यासारखी होते. मग तेराव्याला पुन्हा धुवा! आपल्याकडे तेराव्याचे महत्त्व काही नवीन सांगायला नको. शिवाय तो प्रयोग झाला एडमंटनला. तिथे हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंश सहज जातो. आमचा भाचा प्रवास करतो सकाळी आठ-बाराच्या फास्ट लोकलने. मे महिन्यात डोंबिवली ते दादर उभ्याने गेलेल्या माणसाच्या विजारीवर एडमंटनचे निष्कर्ष लावणे म्हणजे स्वित्झर्लंडचा गालिचा मासळीबाजारात अंथरणे आहे. आणि प्रयोगात मोजले जंतू. वास कुठे मोजला? त्या विद्यार्थ्याच्या जीन्सलासुद्धा वास यायचा, तेव्हा तो ती पिशव्यांत गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवायचा.

फ्रीझरचे हे प्रकरण आमच्याही घरात घडले. एका रविवारी सौ.ने खवलेला नारळ काढायला फ्रीझर उघडला, तर मटारच्या पिशवीवर एक निळी, थंडगार, घडी घातलेली वस्तू. ती काय आहे हे कळायला तिला थोडा वेळ लागला. कळल्यानंतर ती जे बोलली त्यातले छापण्याजोगे एवढेच, की "उद्या तुझे मोजेही डब्यात भरून दे." भाच्याचे म्हणणे, थंडीने जंतू मरतात. मरत नाहीत हो! बहुतेक जंतू थंडीत नुसते निपचित पडून राहतात. अंगाची ऊब मिळाली की पुन्हा कामाला लागतात. जीन्स फ्रीझरमध्ये ठेवणे म्हणजे जंतूंना चार दिवस महाबळेश्वरला पाठवणे. परत येतात ते अधिक ताजेतवाने होऊन. अंगावरचा घाम, तेल आणि लोकलमधली धूळ तर जागची हलतही नाही.

मग भाच्याने मोठे हत्यार काढले. लेव्हीज कंपनीचे त्या वेळचे प्रमुख चिप बर्ग यांनी २०१४ साली एका परिषदेत सांगितले होते, की अंगावरच्या जीन्सने वर्षभर धुलाईचे मशीन पाहिलेले नाही. जीन्स विकणाराच असे म्हणतो म्हटल्यावर आम्ही काय बोलणार? पण त्याच गृहस्थांनी पुढे खुलासा केला, की मशीनमध्ये टाकत नाही एवढेच, डाग पडला तर पुसतो, आणि लागेल तेव्हा हाताने धुतो. हा खुलासा पंथाच्या लोकांनी वाचलेला नाही. गुरूचे अर्धे वाक्य घेऊन पळणे ही शिष्यांची जुनी खोड आहे.

त्यांचा मुद्दा पाणी वाचवण्याचा होता. तो मात्र मला मान्य आहे. आमच्या सोसायटीत आठवड्यातून एकदा टँकर येतो. पाण्याची किंमत मला शिकवू नका. पण कंपनीने स्वतःच २०१५ साली मांडलेला हिशोब बघा. एका जीन्सच्या उभ्या आयुष्यात सुमारे ३,८०० लिटर पाणी लागते. त्यातले ६८ टक्के कापूस पिकवताना खर्च होते आणि घरी धुण्यात २३ टक्के. म्हणजे पाणी वाचवायचे असेल तर आहे ती जीन्स जास्तीत जास्त वर्षे टिकवली पाहिजे. आणि न धुतलेली जीन्स टिकत नाही! इथे या पंथाचा सगळा डोलारा कोसळतो. घाम, अंगाचे तेल आणि धुळीचे कण कापडात साठतात. चालताना, बसताना हे कण पॉलिशकागदासारखे धाग्यावर घासतात. जिथे घासणे सर्वांत जास्त, अशा सभ्य लेखात उल्लेख न करण्याच्या जागी, दोन पायांच्या सांध्याशी, एक दिवस कापड चर्रकन दगा देते. भाच्याची जीन्स आठव्या महिन्यात गेली. कचेरीत, खाली पडलेले पेन उचलताना. तो दिवसभर लॅपटॉपची पिशवी पुढे धरून फिरला. त्यानंतर रफूवाल्याकडे ती घेऊन मला जावे लागले, कारण हा लाजत होता. रफूवाल्याने जीन्स हातात घेतली, नाकाशी नेली नाही, नाकच तिच्याकडे आले. तो म्हणाला, "काका, आधी धुऊन आणा." साठ वर्षांचा तो कसबी माणूस. त्याने ना अल्बर्टा ऐकले होते, ना कोजिमा.

'डंगरी' हा शब्द इंग्रजीत आला तोच मुळी आपल्या डोंगरीवरून, मुंबईच्या! तिथल्या जाड्याभरड्या सुती कापडाला 'डोंगरी' म्हणत. त्याचे सायबाने 'डंगरी' केले आणि जगभरच्या कामगारांच्या विजारींना ते नाव पडले. म्हणजे जाडे निळे कापड कसे वापरावे याचा थोडाफार अधिकार आमच्या बाजूलाही आहे. गिरणगावात आठ तास साच्यावर उभा राहून आलेला माणूस संध्याकाळी चाळीच्या नळावर कपडे खळाखळा धूत असे. अंगावरच्या मळाची त्याला लाज नव्हती, तो कष्टाचा मळ होता. पण दुसऱ्या दिवशी तोच मळ पुन्हा घालून मिरवावा, हे काही त्याला सुचले नाही.

आता आमच्या बाजूच्या लोकांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. 'धुवावी' म्हणजे बडवावी नव्हे. आमच्या घरात कपडे धुण्याची परंपरा धोपाटण्याची आहे. आईच्या हातून सुटलेला सदरा गुन्हा कबूल करूनच बाहेर पडत असे. सौ. मशीन वापरते, पण वृत्ती तीच. गरम पाणी, पांढरेशुभ्र करणारी पावडर मूठभर, आणि मशीनच्या आधी खसाखसा ब्रश. असली धुलाई कोऱ्या जीन्सला दिली तर तीन महिन्यांत तिचे पायपुसणे होईल, हे भाच्याचे म्हणणे बरोबर आहे. तसेच, बादलीत मीठ टाकले की रंग पक्का होतो हा जो घराघरांतला समज आहे, तो निळीला लागू नाही. ती बिचारी धाग्यावर नुसती टेकून बसलेली असते. मिठाने ती चिकटत नाही. मीठ आमटीत घाला.

तेव्हा केव्हा आणि कशी, ते सांगतो.

विकत घेताना आधी विचारा, कापड आटवलेले आहे का. जुन्या वाचकांना कापडाच्या किनारीवर छापलेला 'सॅनफोराइज्ड' हा शब्द आठवत असेल. १९३०च्या सुमारास सॅनफर्ड क्लुएट या अमेरिकन गृहस्थाने कापड आधीच आटवण्याची युक्ती काढली, त्याच्या नावाचा हा शिक्का. शिक्क्याचे कापड शेकडा एक ते तीन आटते. बिनशिक्क्याचे शेकडा सात ते दहा. म्हणजे चाळीस इंच लांबीची जीन्स पहिल्या पाण्यात तीन-चार इंच वर येते. अशी असेल तर घालण्याआधीच एकदा कोमट पाण्यात अर्धापाऊण तास बुडवून वाळवा. काही लोक नवी जीन्स अंगात घालून टबात बसतात, म्हणजे ती अंगाच्या मापाने आटते. आमच्याकडे टब नाही, आणि बादलीत बसता येत नाही.

मग खुशाल घाला. रोज घालत असाल तर उन्हाळ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी धुवा. पुण्याच्या थंडीत दीड-दोन महिने गेले तरी चालेल. पावसाळ्यात मात्र पंचांग पाहू नका. भिजली की धुवा, नाहीतर आपल्या दमट हवेत तिला कुबट वास येतो आणि पुढे बुरशी धरते, आणि त्या नक्षीला जपानमध्ये किंमत नाही. शंका असेल तर नाकाला विचारा. स्वतःच्या नव्हे, आपले नाक घरचे असल्यामुळे फितूर असते. लोकलमध्ये शेजारचा माणूस उभ्याउभ्या पेपर तुमच्या बाजूला आडवा धरू लागला, की समजा तिथी आली.

धुताना जीन्स उलटी करा, म्हणजे आतली बाजू बाहेर. बटणे लावा. मोठ्या बादलीत गार पाणी घ्या, त्यात रिठ्याचे पाणी किंवा लोकरीसाठी मिळतो तो सौम्य साबण, चमचाभर. अर्धापाऊण तास भिजू द्या. मग हाताने हळूहळू दाबा, कणीक मळल्यासारखे नको, आजारी माणसाचे पाय चेपल्यासारखे. ब्रश नको, दगड नको, ब्लीच तर नावच काढू नका. दोन पाण्यांतून खंगाळा, पिळू नका, तशीच ठिबकत सावलीत वाऱ्यावर टांगा. आणि हे सगळे ज्याची जीन्स त्याने करायचे. "मामी, ती नको" म्हणायचा हक्क त्यालाच, जो बादलीशी स्वतः बसतो.

भाचा आता महिन्यातून एका रविवारी मोरीत पाटावर बसतो. चुण्यांची नक्षी अजून शाबूत आहे, उलट धूळ निघाल्यामुळे जास्त उठून दिसते, पण हे तो कबूल करत नाही. म्हणतो, "हे वॉश नाही मामा, सोक आहे." सोक तर सोक. शाई ओतल्यासारखे पाणी निघते. फक्त ते गॅलरीतून खाली ओतू नका. आमच्या खालच्या मजल्यावर पांढरेशुभ्र धोतर वाळत असते, आणि ते धोतर सोसायटीच्या चेअरमनचे आहे.